गच्चीवरून वर्षभराचा सूर्य: ॲनालेमा टिपायचा तर पावसाळ्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवरून, ठरलेल्या वेळी वर्षभर सूर्याचे फोटो काढायचे आणि शेवटी ते सगळे सूर्य एका चित्रात आणायचे, म्हणजे इंग्रजी आठासारखा आकार, ज्याला ॲनालेमा म्हणतात, तो मिळेल. जवळ साधा डीएसएलआर आणि १८-५५ मिमीची लेन्स आहे. वर्षभर कॅमेरा तिथेच ठेवावा लागेल का? वेळ कोणती धरावी? आणि जून ते सप्टेंबर सूर्यच दिसत नाही, त्याचं काय?

मी हा उद्योग पुण्यातूनच दोनदा केला आहे. पहिला पाच महिन्यांत मोडला, दुसरा तडीस गेला. कॅमेरा आणि लेन्स दोन्ही पुरेशी आहेत, कॅमेरा वर्षभर बाहेर ठेवायची गरज नाही. तुमचा तिसरा प्रश्न मात्र खरा प्रश्न आहे, कारण या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन युरोप-अमेरिकेतल्या लोकांचं आहे आणि त्यांच्या आकाशात मोसमी पाऊस नाही. शिवाय त्यांचा ॲनालेमा उभा असतो, आपला आडवा.

आधी आकार कशामुळे बनतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय स्वतःचे स्वतः घेता येतील. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेला सुमारे ८.६ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो. हे झालं देशांतर, ते वर्षभर तेवढंच राहतं. पण सूर्य या सरासरीलाही बांधील नाही. ३ नोव्हेंबरच्या सुमारास पुण्यात तो १२:१८ लाच माथ्यावरची रेषा ओलांडतो आणि ११ फेब्रुवारीच्या सुमारास त्याला १२:४९ वाजतात. हा जो मागेपुढे होणारा फरक आहे त्याला पंचांगगणितात वेलांतर म्हणतात. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे जानेवारीत ती वेगाने धावते आणि जुलैत रेंगाळते, हे एक कारण. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्याची क्रांतिवृत्तावरची, म्हणजे त्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवरची, चाल विषुववृत्तावर सारखी उतरत नाही, हे दुसरं. आपल्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांत, या दोन्हींसाठी वेगवेगळे संस्कार, म्हणजे दुरुस्त्या आहेत, अनुक्रमे भुजांतर आणि उदयांतर. उदयांतर श्रीपतीने अकराव्या शतकात मांडलं आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ते पुढे नेलं. गच्चीवर फोटो काढताना मला हे आठवतं आणि खरंच अंगावर काटा येतो, कारण जे त्यांनी गणिताने ओळखलं ते आपण वर्षभरात डोळ्यांनी पाहणार असतो.

याचा अनुभव तुम्हालाही आहे. डिसेंबरच्या २१-२२ ला सर्वात लहान दिवस होऊन जातो, तरी सकाळी अंधार वाढतच राहतो. पुण्यात सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो आणि सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होऊन गेलेला असतो. वेलांतर नसतं तर दोन्ही एकाच दिवशी आले असते.

घड्याळाच्या एकाच वेळी फोटो काढले की सूर्याची उत्तर-दक्षिण चाल आकाराची लांबी ठरवते, सुमारे ४७ अंश, आणि वेलांतर त्याची रुंदी ठरवतं, जेमतेम साडेसात अंश. डिसेंबरच्या आसपास वेलांतराची दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात म्हणून तिकडचं वेटोळं मोठं. जूनमध्ये ती एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून तिकडचं लहान. दोन्ही वेटोळी एकमेकांना छेदतात तो बिंदू १४ एप्रिल आणि ३० ऑगस्टच्या सुमाराचा. या दोन तारखा लक्षात ठेवा, नियोजन त्यांच्याभोवती फिरतं.

आता आपल्याकडचा फरक. आठाचा कणा ध्रुवाच्या दिशेने जातो आणि पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून पाहिलं तर सकाळचा ॲनालेमा जवळजवळ झोपलेला असतो. जूनचं लहान टोक डावीकडे किंचित वर, डिसेंबरचं मोठं टोक उजवीकडे किंचित खाली. लंडनकडचा सकाळचा आठ चढणीवर उभा असतो, म्हणून तिकडचे लोक कॅमेरा उभा धरायला सांगतात. आपण तसं केलं तर दोन्ही टोकं चौकटीबाहेर जातील. आपण कॅमेरा आडवाच ठेवायचा.

सकाळी साडेआठ ही वेळ मी सुचवेन. त्या वेळी पुण्यात २१ जूनचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर आणि पूर्वेपासून १६-१७ अंश उत्तरेला असतो. २१ डिसेंबरचा साधारण १७ अंशांवर आणि पूर्वेपासून ३३ अंश दक्षिणेला. म्हणजे आडवी पसरण ५० अंशांच्या आसपास. तुमच्या लेन्सला १८ मिमीवर आडवा ६६ अंश आणि उभा ४६ अंशांचा आवाका मिळतो, त्यात पूर्ण आठ बसून खाली क्षितिजाचा पट्टाही राहतो. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं पूर्वेला न ठेवता सात-आठ अंश दक्षिणेकडे कलतं ठेवा. गच्चीवर उभं राहून हात लांब करा, मूठ आवळा: ती साधारण दहा अंश व्यापते. पूर्वेपासून उजवीकडे साडेतीन मुठी आणि डावीकडे दोन मुठी मोकळं आकाश आहे का, ते पाहा. क्षितिजापासून दीड मूठ उंचीच्या वर काही अडथळा नसेल तर जागा चालेल.

संध्याकाळ का नको? मार्चच्या शेवटापासून दुपारनंतर ढग भरून यायला लागतात, वळीव येतो, आणि एप्रिल-मेच्या कितीतरी संध्याकाळी हातच्या जातात. सकाळी तेच आकाश स्वच्छ असतं. हिवाळ्यात पुण्यात धुकं आणि धूर असतो खरा, पण साडेआठपर्यंत डिसेंबरचा सूर्य त्याच्या वर आलेला असतो. सातची वेळ धरू नका. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा सूर्य क्षितिजावर नुकता टेकलेला किंवा उगवायचाच असतो. आणि दुपारची वेळ तर आपल्याकडे बादच, कारण जूनचा मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून पाच अंश उत्तरेला असतो. त्या चित्रात जमीन येणारच नाही.

आपल्याकडे एक सोय मात्र मोठी आहे. घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाहीत. साडेआठ म्हणजे वर्षभर साडेआठ. तिकडच्या लोकांना उन्हाळी वेळ सुरू झाली की तास बदलून घ्यावा लागतो, आणि कित्येकांचं वर्ष त्या एका चुकीत वाया गेलेलं आहे.

आता बसवणी, म्हणजे कॅमेरा दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात कसा आणायचा. यावर मी वेळ घेऊन सांगतो, कारण माझा पहिला प्रयत्न इथेच कच्चा होता. ट्रायपॉडचा विचार सोडा. पायांच्या खुणा रंगाने केल्या तरी दर वेळी एखादा अंश इकडेतिकडे होतोच. जवळच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा हातभर तुकडा घ्या, त्यावर एक सपाट पट्टी वेल्ड करून घ्या, पट्टीला कॅमेऱ्याच्या पाव इंची स्क्रूसाठी भोक पाडा आणि कॅमेऱ्याच्या तळाला मागून आणि बाजूने अडवणारे दोन खिळे बसवून घ्या. कॅमेरा ठेवला, दोन्ही खिळ्यांना टेकवला, स्क्रू आवळला, झालं. हा अँगल कठड्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या भिंतीला आतल्या बाजूने बोल्टने पक्का करा. स्लॅबला भोक पाडू नका. गळती सुरू झाली की सोसायटीत तुमचा ॲनालेमा कोणाला ऐकून घ्यायचा नसतो. कमिटीला आधी सांगा आणि एक गोष्ट विचारून ठेवा: वर्षभरात गच्चीवर काय काय होणार आहे? वॉटरप्रूफिंग, रंग, नवी टाकी, सोलर. माझ्या पहिल्या वर्षी फेब्रुवारीत गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात सोलर हीटरची पॅनेलं बसली आणि चौकटीची उजवी बाजू झाकली गेली. ऑक्टोबरपासूनचे तेरा सूर्य तिथेच थांबले. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं.

झूम लेन्स नेहमी १८ वर, म्हणजे शेवटच्या टोकाला टेकवून वापरा. २४ किंवा २८ वर ठेवलं तर दर वेळी तेवढंच येईल याची खात्री नसते. फोकस एकदा लांबवर करून मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. ते आतली काच हलवतं आणि दर फोटोत चौकट थोडी सरकते. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. व्हाइट बॅलन्स ठरवून टाका, फोटो रॉमध्ये घ्या, आणि वर्षभर तीच लेन्स वापरा, कारण कडेची वक्रता प्रत्येक लेन्सची निराळी असते.

फिल्टरच्या बाबतीत काटकसर नको. लेन्सच्या पुढे सौर फिल्टर हवा, ज्यातून प्रकाशाचा एक लाखावा भाग आत येतो. बाडर कंपनीची फिल्म घेऊन पुठ्ठ्याच्या कड्यात बसवली तरी काम होतं, फक्त वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट बसली पाहिजे आणि दर वेळी वापरण्याआधी उजेडासमोर धरून तिला भोक पडलेलं नाही ना ते पाहायचं. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, दोन-तीन गॉगल एकावर एक, यातलं काहीही सूर्याकडे पाहायला सुरक्षित नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचाच नाही, फिल्टर असो वा नसो. मागच्या स्क्रीनवर पाहा. घरातली मुलं उत्सुकतेने गच्चीवर येतात, त्यांना हे पहिल्या दिवशीच सांगा. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

या फिल्टरसह आयएसओ १००, एफ/८ आणि १/४०० सेकंद इथून सुरुवात करा. हिवाळ्यात धुरकट हवेत एक्स्पोजर दोन-तीन पायऱ्या वाढवावं लागेल. १८ मिमीवर सूर्य चित्रात फार लहान येतो. सेन्सरवरचा सूर्याचा व्यास लेन्सच्या मिमीला साधारण १०८ ने भागून मिळतो, म्हणजे इथे ०.१७ मिमी, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चाळीसएक पिक्सेल. छोटा वाटला तरी ४०-५० सूर्यांची ओळ उठून दिसते.

वेळेची अचूकता किती? सूर्य स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो. दहा सेकंदांची चूक म्हणजे व्यासाचा बारावा हिस्सा, ती नजरेला येत नाही. एका मिनिटाची चूक मात्र ओळीतून बाहेर आलेल्या दातासारखी दिसते. कॅमेऱ्याचं घड्याळ दर आठवड्याला काही सेकंद सरकतं, म्हणून त्यावर विसंबू नका. फोनची वेळ पाहून बटण दाबा.

दर वेळी दोन फोटो. साडेआठला फिल्टर लावून सूर्याचा. मग लगेच फिल्टर काढून, स्क्रीन बंद ठेवून, झटकन एक इमारतींचा, अगदी कमी एक्स्पोजरने. या दुसऱ्या फोटोत सूर्याभोवती झळाळी येते आणि तो चित्रात वापरायचा नसतो. पण त्यात समोरच्या टाकीचा कोपरा, देवळाचा कळस, टॉवरचं टोक दिसतं, आणि वर्षाअखेर सगळे फोटो एकमेकांवर बसवताना हेच टेकू उपयोगी पडतात. बसवणी कितीही पक्की असली तरी लोखंड तापतं, भिंत हलते, कोणीतरी धक्का देतं. टेकूचे फोटो असले की पिक्सेलभराची चूकही दुरुस्त होते. नसले की अंदाज करत बसावं लागतं. टेकू जुनेच निवडा. माझ्या ऑक्टोबरच्या फोटोत पूर्वेला मोकळा प्लॉट आहे आणि मेमध्ये तिथे सात मजले उभे आहेत. पुण्यात हे गृहीत धरायला हवं. त्याच कारणाने अंतिम चित्रातली जमीन पहिल्या महिन्यातच टिपून ठेवा, फिल्टर न लावता, दुपारी चारनंतर, जेव्हा सूर्य पाठीमागे असतो आणि समोरच्या भिंती उजळलेल्या असतात.

सगळं जमल्यावर गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर्याचा एक थर, आधी टेकूंवरून जुळवायचा, मग ‘लाइटन ओन्ली’ मोडमध्ये जमिनीच्या फोटोवर टाकायचा. फिल्टरमधला फोटो सूर्य सोडून काळाच असतो, म्हणून फक्त सूर्य वर उमटतो. एका संध्याकाळचं काम आहे.

आता तारखा. सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करा, पाऊस गेला की लगेच. मी गांधी जयंतीला केली होती. तेव्हापासून १४ एप्रिलपर्यंत मोठं वेटोळं जवळजवळ सगळं स्वच्छ आकाशात मिळतं आणि दोन्ही कडांचे सूर्य उत्साह ताजा असतानाच हाती येतात. साडेआठला ३ नोव्हेंबरचा सूर्य साडेचोवीस अंशांवर आणि ११ फेब्रुवारीचा साडेअठरा अंशांवर असतो, क्रांती, म्हणजे सूर्याचं विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, जवळपास सारखी असूनही. हे दोन फोटो एकावर एक ठेवून पाहाल त्या दिवशी तुम्ही हा उपक्रम सोडणार नाही.

दर आठ दिवसांनी एक सूर्य पुरतो. वार पक्का धरू नका. मंगळवारी ढग असले तर बुधवारी काढा, गुरुवारी काढा. दिवस हलला तर सूर्य त्याच वळणावर थोडा पुढे सरकतो, वळण बिघडत नाही. मिनिट हललं तर बिघडतं. मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांजवळ, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, सूर्य रोज ०.४ अंश सरकतो, म्हणून तिथे सहा दिवसांवर यायला हरकत नाही. जूनमध्ये उलट. २१ जूनच्या आजूबाजूला तो इतका रेंगाळतो की आठ दिवसांच्या अंतराचे सूर्य एकमेकांना चिकटतात, तिथे दहा-बारा दिवसांचं अंतर बरं. सुदैवाने पाऊस आपल्याला तिथे घाई करूच देत नाही.

तर पावसाळा. १४ एप्रिल ते ३० ऑगस्ट हे लहान वेटोळं. त्याची पहिली बाजू, साधारण ७-८ जूनपर्यंत, सकाळच्या आकाशात मिळून जाते. उरलेली बाजू २१ जून ते ३० ऑगस्ट, म्हणजे अवघे सात-आठ सूर्य. सगळा झगडा या सात-आठ सूर्यांसाठी आहे. इथे आठ दिवसांचा नियम मोडायचा आणि रोज वर जायचं. आठवड्यातून एकदाच गेलात तर जुलैत एकही मिळणार नाही. रोज गेलात तर उघडीप कधीतरी सापडतेच. साडेआठच्या दहा मिनिटं आधी कॅमेरा बसवून तयार राहा, कारण उघडीप एकेकदा अर्ध्या मिनिटाचीच असते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पूर्ण उघडीप लागतच नाही. पातळ मळभातून सूर्याचं बिंब चांदीच्या नाण्यासारखं दिसत असेल तर तेवढं पुरे. फिल्टर काढू नका, एक्स्पोजर वाढवा. १/४०० पासून १/४ सेकंदापर्यंत पाच-सात फोटो ओळीने काढायचे, त्यातल्या एकात बिंब नीट कडांसह येतं. ढगाचा पोत फिल्टरमधून उमटत नाही, म्हणून चित्रात हा सूर्य बाकीच्यांसारखाच दिसतो. माझा १९ जुलैचा सूर्य असाच, भुरभुर पाऊस पडत असताना, छत्री कॅमेऱ्यावर धरून मिळालेला आहे.

सोलापूर, सांगोला, माणदेश अशा पर्जन्यछायेच्या भागात नातेवाइकांकडे गच्ची असेल आणि तिथे रोज जाणारं माणूस असेल, तर अख्खा प्रकल्पच तिकडे करा. मात्र पुण्यात सुरू केलेलं चित्र तिकडच्या सूर्यांनी पूर्ण करता येत नाही. रेखांश बदलला की साडेआठचा सूर्यही बदलतो.

एवढं करूनही पोकळी राहणार. माझ्या चित्रात २४ जून, १९ जुलै आणि २१ ऑगस्ट एवढेच तीन पावसाळी सूर्य आले. तेव्हा अनेकांनी सांगितलं की जागा गणिताने ठाऊक आहेत, सूर्य सगळे सारखेच दिसतात, कॉपी करून तिथे ठेव. मी ठेवले नाहीत आणि तुम्हीही ठेवू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. गणिताने काढलेला पूर्ण आठ कोणतंही तारांगण सॉफ्टवेअर एका मिनिटात काढून देतं. तुमच्या चित्राची किंमत त्यातला प्रत्येक ठिपका त्या सकाळी तिथे खरोखर होता यात आहे. महाराष्ट्रातून काढलेल्या ॲनालेमात डावीकडे विरळ झालेली बाजू म्हणजे आपला मोसमी पाऊस आहे. ती बाजू पाहून जाणकार माणूस ओळखेल की हे चित्र कुठल्या देशात काढलं.

या कामाची परंपराही तशीच काटेकोर आहे. एकाच फिल्मवर पूर्ण ॲनालेमा पहिल्यांदा टिपला तो अमेरिकेतल्या डेनिस डी चिको यांनी, १९७८-७९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या घराच्या खिडकीतून, आणि तोही सकाळी साडेआठलाच. फिल्मचा एकच तुकडा वर्षभर कॅमेऱ्यात, त्यावर चाळीसहून अधिक वेळा सूर्य. तीन दिवस तर त्यांनी सूर्य उगवल्यापासून शटर उघडं ठेवून त्याची वाटही रेघेसारखी उमटवली. एक चूक झाली असती तर सगळं वर्ष गेलं असतं. आपल्याला प्रत्येक सूर्य वेगळ्या फाइलीत ठेवता येतो ही केवढी चैन आहे! पुढे तुर्कस्तानातल्या जेंक आणि तुंच तेझेल यांनी असा ॲनालेमा केला की ज्यातला एक सूर्य २९ मार्च २००६ च्या खग्रास ग्रहणाचा होता. ग्रहणाच्या मिनिटावरूनच त्यांनी वर्षभराची वेळ ठरवली होती.

रोज गच्चीवर जाणं जमणार नसेल तर सूचिछिद्र कॅमेऱ्याचा मार्ग आहे. रिकाम्या कॅनमध्ये कृष्णधवल फोटोचा कागद गोल करून ठेवायचा, समोर सुईने बारीक भोक, आणि सहा महिने बांधून ठेवायचा. कागद धुवायचा नाही, थेट एकदाच स्कॅन करायचा. सूर्याची रोजची वाट एकेका रेघेसारखी उमटते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत २०१२ मध्ये रेजिना व्हॅल्कनबर्ग यांनी लावलेला बिअरचा कॅन आठ वर्षं तसाच राहिला होता आणि त्यात आठ वर्षांच्या वाटा निघाल्या. यातही आपल्याकडे दोन बदल हवेत. तिकडचे लोक कॅन दक्षिणेकडे तोंड करून लावतात. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, दक्षिणमुखी कॅनमध्ये तो सापडतच नाही. कॅन पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून लावा. आणि मुदत २२ डिसेंबर ते जूनचा पहिला आठवडा अशी धरा. मकरसंक्रांतीपासून नको, सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरातच. ५ जूनला सूर्य आपल्या उत्तर टोकापासून एका अंशाच्या आत आलेला असतो, म्हणजे पावसाआधी कॅन काढला तरी जवळजवळ सगळं आकाश मिळालेलं असतं. पावसात ठेवाल तर कागदाला बुरशी येते.

शाळेतल्या मुलांबरोबर करायचं असेल तर सावलीचा ॲनालेमा उत्तम. एक मीटरची ओळंब्यात उभी काठी, वर पत्र्याच्या चकतीला छोटं भोक, आणि दर आठवड्याला बरोबर १२:३५ ला जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यावर रंगाने खूण. पुण्यात डिसेंबरची खूण काठीपासून ९० सेंटिमीटर उत्तरेला आणि जूनची अवघी ८-९ सेंटिमीटर दक्षिणेला पडते. नोव्हेंबरचा ठिपका मधल्या रेषेच्या पूर्वेला आठ सेंटिमीटर, फेब्रुवारीचा पश्चिमेला सात. अख्खा आठ एका फरशीच्या ओळीत मावतो.

माझा अँगल अजून गच्चीवर तसाच आहे. राहिलेल्या जागा दुसऱ्या पावसाळ्यात भरायला मोकळीक असते, कारण त्याच तारखेला पुढच्या वर्षी सूर्य जवळजवळ तिथेच येतो. जुलै-ऑगस्टमध्ये हा फरक बिंबाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. फक्त चित्राखाली कोणता सूर्य कोणत्या वर्षीचा ते स्पष्ट लिहायचं. मला दुसऱ्या पावसाळ्यात ६ आणि ३० जुलै मिळाले. १० ऑगस्टच्या जवळपासचा एक अजून हवा आहे. त्या आठवड्यात मी सव्वाआठला वर असतो, छत्री घेऊन.